चांदी रवंथ करत बसली आहे

ठाकुर्ली,
मंगळवार, १६ सप्टेंबर २०२५

ती. काका,

नमस्कार. गाव, वार, तारीख आधी लिहिली. तुम्ही पहिल्यांदा तेच तपासाल. फोनवर मी ओरडते आणि तुम्ही भलत्यालाच "बरं, बरं" म्हणता, म्हणून पत्र. देवेशदादा कंपनीतून घरी येताना घेऊन येईल.

कागदाला मधोमध उभी घडी घातली आहे. डावीकडे पाहिलेलं, उजवीकडे वाटलेलं. दम्यामुळे तिसरीपर्यंत मी शाळेत गेले नाही, तुमच्या गोठ्यातच शिकले. तिथला हा नियम मी अजून मोडलेला नाही.

पाहिलेलं असं. आमच्या इमारतीजवळच्या देवळाबाहेर रखमाबाई बसतात. जालन्याकडच्या आहेत, एकट्याच. त्यांची बकुळी नावाची गावठी गाय आहे. लोक रखमाबाईंकडून गवताची पेंढी घेतात आणि बकुळीला घालतात. त्यावरच दोघींचं चालतं. काल अविधवा नवमी होती. सकाळपासून श्राद्धाची पानं घेऊन माणसं येत होती. आठवड्यापूर्वी कुणीतरी तिथे पाटी लावली आहे, 'गाईला प्लास्टिकच्या पिशवीतून अन्न देऊ नये, घमेल्यात मोकळं करावं.' लोकांनी तसंच केलं. भात, खीर, वडे, पुरणपोळ्या, सगळं एका घमेल्यात. रखमाबाई पाणी आणायला गेल्या तेवढ्यात बकुळीने घमेलं साफ केलं. लोकांनी पुन्हा भरलं, तिने पुन्हा साफ केलं. देवेशदादाही आला होता. "आईचं पान. बाबांनी गाईला द्यायला सांगितलंय," म्हणाला.

आज सकाळी रखमाबाईंनी आमचं दार वाजवलं. "डाक्टरीणबाई, चला की! माझी बकुळी प्यालेल्यावानी चालतीया."

खरंच तशीच चालत होती. डोळे खोल गेलेले. डावं पोट फुगलेलं, पण घट्ट नाही. ढकललं की आत डचमळत होतं. शेण पातळ आणि आंबूस. जमलेल्यांनी निकाल देऊन टाकला, "प्लास्टिकच असणार. कापावं लागेल." मी आमच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या प्रीतम सरांना बोलावलं. तिथल्या सहा महिन्यांत मी कुत्री-मांजरीच हाताळली आहेत. गाय ही पहिलीच. सरांनी तोंडातून नळी घालून आंबलेलं बरंच बाहेर काढलं. आम्ल तपासायचा कागद बुडवला, तो लाल झाला. भातातलं पीठ आत आंबून आम्ल झालं होतं. सोडा पाजला, सलाईन लावलं. सोडा आणायला मीच धावले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, एवढा? भजी किती लोकांची?"

दुपारी ती नीट उभी राहिली. सर म्हणाले, जगेल.

वाटलेलं: काकूच्या नावाने घरी चांदी जेवली असेल आणि इथे बकुळी, अशा दोन गाई जेवल्या, म्हणून काल बरं वाटलं होतं. आज वाटतं, त्या घमेल्यात काकूचंही पान होतं.

तुमची,
क्षिप्रा


घेसर,
बुधवार, १७ सप्टेंबर

चि. क्षिप्रा,

अनेक आशीर्वाद. तारीख बरोबर. 'डचमळत' हा शब्द चांगला वापरलास.

उभी राहिली म्हणजे बरी झाली असे समजू नकोस. तू एवढे सगळे लिहिलेस, पण ती रवंथ करते का हे लिहिले नाहीस. तुझ्या काकूने पहिला प्रश्न तोच विचारला असता. आठवते का, गाय रवंथ करत असली की ती कुणाला बोलू द्यायची नाही? "गो पोरी, ती चावते तवर मदी बोलाचा नाय." मी पाढे म्हणून घेत असलो तरी गप्प बसावे लागायचे, आणि मग मी तुला चावण्या मोजायला लावायचो. शंभर येण्याच्या आधी तुला पन्नास आले, कारण गाय तिथेच कुठेतरी गिळायची. तुला बरेच दिवस वाटायचे की आकडे तिथेच संपतात.

आता हे कर. तिच्या डाव्या अंगाला उभी राहा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्यामध्ये खळगा असतो. तिथे मूठ दाबून ठेव आणि घड्याळ बघ. निरोगी गाईचे पोट दोन मिनिटांत दोन-तीनदा तुझी मूठ बाहेर ढकलेल. लाट यावी तसे. मला ऐकू येत नाही, तरी हे कळते. त्याला कान लागत नाहीत.

आपली चांदी मी लिहितो आहे या घटकेला गोठ्यात रवंथ करत बसली आहे. आताच मोजले, एका घासाला बावन्न चावण्या. अगदी तिच्या आजीसारखे.

आणि एक. पाटी 'कुणीतरी' लावली असे लिहिले आहेस. हा कुणीतरी कोण, ते विचारून घे. एकदा भेटायला हवे त्याला.

तुझा,
गोपीनाथकाका


ठाकुर्ली,
गुरुवार, १८ सप्टेंबर

ती. काका,

नमस्कार. मूठ ठेवली. दोन मिनिटं नाही, दहा मिनिटं. काहीही आलं नाही. भिंतीवर मूठ ठेवावी तसं. मग मी स्वतःच्याच पोटावर ठेवून पाहिली, मूठ तर बिघडली नाही ना म्हणून. रखमाबाई हसल्या. परवापासून पहिल्यांदा हसल्या. मग म्हणाल्या, "चार वरसं हिच्या बाजूला बसते. हिचं तोंड हलत न्हाई असं बघितलंच न्हवतं. म्या बोलायची, ती चावायची. आता दोघी बी गप."

बकुळी खात नाही. गवत हुंगते आणि मान फिरवते. आम्ल उतरलं आहे, ताप नाही, सरांच्या मते आता आजार असा उरलेला नाही. तरी ती रोज थोडी थोडी कमी होते आहे.

आता तो कुणीतरी. तो मी आहे. पाटी मी लिहिली. कॉलेजात एका गाईच्या पोटातून निघालेल्या पिशव्यांचा ढीग मी पाहिला होता, तेव्हापासून पिशवी दिसली की माझा हात आपोआप पुढे जातो. पितृपक्ष लागला त्या दिवशी तीन वेळा मजकूर बदलून मी ती पाटी लिहिली. लोक आधी पिशवीतून थोडं थोडं देत. निम्मं रखमाबाई बाजूला काढून ठेवत. मी ते सगळं एका घमेल्यात आणलं. मंगळवारच्या पत्रात 'कुणीतरी' लिहिलं ते घडीच्या डाव्या बाजूला लिहिलं. ते पाहिलेलं नव्हतं, वाटलेलंही नव्हतं. लपवलेलं होतं, आणि त्याला कागदावर बाजूच नाही. रखमाबाईंना आज सकाळी सांगितलं. "तुमी चांगल्यासाठीच केलं न्हवं?" म्हणाल्या. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

काका, आता जे लिहिते ते तुमच्या गोठ्यात शिकलेलं नाही, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. आज नळीला लागलेला बकुळीच्या पोटातला एक थेंब मी दवाखान्यातल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. काही हलत नव्हतं. नुसतं गढूळ पाणी. आणि मला दुसऱ्या वर्षी पाहिलेला निरोगी गाईचा थेंब आठवला. तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभी राहिले होते. त्या एका थेंबात हजारो जीव धावत होते. काही लांबट, काही गोल, अंगभर केस असलेले, एकमेकांना धडकून पुढे जाणारे. एकाच्या पोटात तर गवताची काडी होती, त्याच्याहून लांब. आणि हे मोठे. यांच्याशिवाय दिसतही नाहीत असे जीवाणू, एका थेंबात आपल्या देशातल्या माणसांएवढे म्हटलं तरी चालेल असे.

गाईला गवत पचवता येतच नाही, काका! आपल्याला येत नाही, तसंच तिलाही नाही. ती गवत खाऊन त्या मोठ्या पोटात नेऊन ठेवते, आणि ते जीव ते खातात. आत अंधार, हवा नाही, आपल्यापेक्षा थोडी जास्त ऊब. ती त्यांच्यासाठी गवत वर आणते, पुन्हा चावते, बारीक करून पुन्हा खाली पाठवते. दिवसाचे सात-आठ तास. रोज काही बादल्या लाळ त्यांच्यावर सोडते, आणि त्या लाळेत सोडा असतो. ज्या सोड्यासाठी मी दुकानात धावले तो ती स्वतःच करते, चावता चावता, त्यांना आम्ल बाधू नये म्हणून. ते खातात, वाढतात, आणि वाढलेले हळूहळू दुसऱ्या, जाळीच्या पोटातून आणि तिसऱ्या, पडद्यांच्या पोटातून चौथ्या पोटात जातात. ते चौथं मात्र आपल्यासारखं. तिथे ती त्यांना पचवते. म्हणजे गाय गवतावर जगत नाही. ज्यांना ती पोसते त्यांच्यावर जगते. आपण घास गाईला देतो, तो तिला मिळतच नाही. आधी ते जेवतात, मग ती.

सोमवारी बकुळीचे ते सगळे मेले. घर उभं आहे, आत कुणी नाही.

सर म्हणतात यावर उपाय आहे, पुस्तकात आहे: निरोगी गाईच्या पोटातलं जिवंत पाणी किंवा रवंथीचा घास आणून आजारी गाईच्या पोटात सोडायचा. दह्याला विरजण लावतात तसं. पण देणारी गाय हवी, तिचं सगळं ठाऊक असलेली. मी लगेच म्हटलं, माझ्या काकांची चांदी आहे. शनिवारी सकाळी मी आणि सर नळी घेऊन येऊ का? चांदीला काही होणार नाही, मी शपथेवर सांगते. रविवारपर्यंत बकुळी तग धरेल असं सर म्हणतात. त्यापुढचं बोलत नाहीत.

तुमची,
क्षिप्रा


घेसर,
शुक्रवार, १९ सप्टेंबर

चि. क्षिप्रा,

आशीर्वाद. पत्र दोनदा वाचले. थेंबाचे वर्णन तिसऱ्यांदा वाचले.

पाटीबद्दल आता रडू नकोस. सांगितलेस, झाले.

चांदीचे जमणार नाही. दुसरी एखादी गाय बघ. शीळफाट्याच्या बाजूला पोपटशेठचा तबेला आहे, तिथे विचार. माझे नाव सांग. शनिवारी येऊ नका.

गोपीनाथकाका


ठाकुर्ली,
शुक्रवार, १९ सप्टेंबर, दुपार

ती. काका,

तुमचं पत्र सकाळी मिळालं. पोपटशेठना फोन केला, तुमचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "मास्तरांना रामराम सांग. पण पोरी, गुरांची ती लम्पीची साथ येऊन गेल्यापासून मी बाहेरच्या डॉक्टरला दारात उभं करत नाही. आणि माझ्याकडे सगळ्या म्हशी." बरोबरच आहे त्यांचं. मी त्यांच्या जागी असते तर मीही कुणाला आत घेतलं नसतं.

मग मी देवेशदादाला कंपनीत फोन केला, जेवणाच्या सुट्टीत. म्हटलं, काकांना समजाव ना, चांदीला काही इजा होत नाही. तो म्हणाला, "चांदी? कुठली चांदी? अगं, ती आषाढातच गेली की! गोठा पाडला ना, इमारतवाल्यांना रस्ता दिला तेव्हा. आता तिथे पार्किंगचे पत्रे आहेत. बाबांनी कळवलं नाही तुला?"

नवमीचं पान घेऊन तो देवळापाशी का आला होता, ते मला तेव्हा कळलं. घरी एक पान आणि इथे एक, असं नव्हतंच. एकच पान होतं.

बुधवारी तुम्ही लिहिलं होतं की चांदी या घटकेला गोठ्यात रवंथ करत बसली आहे. बावन्न चावण्या, मोजून. हे मी कुठल्या बाजूला लिहू, काका? मला रागावायचं नाही. मी तुम्हाला काही विचारायच्या लायकीची नाही, या आठवड्यात तर नाहीच. पण तुमचं लिहिलेलं मी कधी तपासून पाहिलं नव्हतं. पाढे चुकले तर मी बोटं मोजायची, तुमचा शब्द नाही.

देवेशदादाने सांगितलं की चांदी टिटवाळ्याच्या पलीकडे, त्याच्या भगवानमामांकडे आहे. म्हणजे ती आहे. चरते आहे.

बकुळी आज बसली, ती अजून उठलेली नाही. कुणीतरी (खरंच कुणीतरी, मला नाव ठाऊक नाही) पांजरपोळाची गाडी बोलावू म्हणत होतं. रखमाबाई दोरी हाताला गुंडाळून बसल्या आहेत.

सर उद्या दुसऱ्या कामात अडकलेत, मला दवाखाना आणि बकुळी दोन्ही सोडता येत नाही. चांदी तोंडाला परक्याचा हात लावू देत नाही, ते मला आठवतं. तुमचा हात लावू द्यायची.

एवढंच लिहिते. जमलं तर हे: तिच्या तोंडातला रवंथीचा घास थर्मासातल्या पाण्यात सोडा. पाणी विहिरीचं घ्या, नळाचं नको, त्यातलं औषध त्यांना मारतं. हाताला कोमट लागेल एवढंच. थर्मास काठोकाठ भरा, वर हवा राहता कामा नये. आपली हवा त्यांना विष आहे. दोन तासांच्या आत पोचायला हवं.

क्षिप्रा


भगवानच्या घरी, टिटवाळ्यापलीकडे,
शनिवार, २० सप्टेंबर, सकाळचे साडेदहा

चि. क्षिप्रा,

थर्मास आधी रिकामा कर, पत्र नंतर वाच.

केलास? आता वाच.

काल तुझे पत्र मिळाले तेव्हा देवेश चहा पीत होता. मी म्हटले, "उद्या सुट्टी काढ." तो म्हणाला, "कशाला?" मी पत्र त्याच्यासमोर ठेवले. वाचून तो म्हणाला, "बाबा, तुम्ही तिला बावन्न पण लिहिलंत?" मी ऐकू न आल्यासारखे करून थर्मास शोधायला उठलो. माझ्या बहिरेपणाचा एवढा एक फायदा आहे.

ते वाक्य उजव्या बाजूचे होते. मी कागदाला घडीच घातली नव्हती. गोठा पाडला त्या दिवशी मी भगवानकडे चांदीला सोडून आलो, आणि घरी आल्यावर हात धुतले नाहीत. मग दुसऱ्या दिवशी धुतले. तुला कळवायला बसलो, तर लेखणी भलतेच लिहू लागली. तुला आकडे त्या गोठ्यात आले. गोठा नाही हे तुला लिहिणे म्हणजे तुझी पाटी पुसल्यासारखे वाटले. नवमीला तुझ्या काकूचे पान वाढले आणि ते घेऊन दारात उभा राहिलो. समोर पत्र्यांखाली गाड्या. मग देवेशला म्हटले, कुठलीही गाय बघ. तेव्हा लक्षात ठेव, त्या घमेल्यात माझाही भात होता. पाटी तुझी, पान माझे. एकटीने ओढू नकोस.

आज सातला इथे पोचलो. चांदी माळावर होती. मी हाक मारली. स्वतःचीच हाक मला आता ऐकू येत नाही, कशी गेली कोण जाणे. तिने मान वर केली आणि आली. भगवान म्हणतो, तीन महिन्यांत ती हाकेला अशी आलेली नव्हती. हे पाहिलेले आहे. घडीच्या डाव्या बाजूला लिही.

नळीबिळी काही नाही. माझे आजोबा धाकू, त्यांनी एकदा बैलासाठी असेच केलेले मी लहानपणी पाहिले होते. त्यांना थेंबातले जीव ठाऊक नव्हते. ते एवढेच म्हणायचे की बैल विसरलाय, त्याला आठवण द्यायची. मी चांदी बसण्याची वाट पाहिली. आठच्या सुमाराला ती वडाखाली बसली आणि चावू लागली. घास गिळला की क्षणभर थांबते, मग मानेतून गोळा वर येताना दिसतो, उंदीर पळावा तसा. तो तोंडात पोचला की ओठाच्या कडेने, जिथे दात नसतात तिथून, हात घालायचा आणि जीभ बाजूला घेऊन घास काढून घ्यायचा. गरम असतो, मुठीएवढा. वास हिरव्या गवताचा आणि थोडा ताकाचा.

पहिला घास काढला तेव्हा तिने माझ्याकडे असे बघितले की मला माफी मागावीशी वाटली. मग ठरवले, एक घास तिचा, एक बकुळीचा. तिचा असला की मी मोजत बसायचो, ती पुरता चावून गिळायची. पुढचा आला की काढून थर्मासात सोडायचो. दोन तास हेच केले. भगवान बोलायला आला, त्याला हातानेच गप्प केले.

क्षिप्रा, मी एकाहत्तर वर्षांचा आहे. जन्म गोठ्यात गेला. पण आज पहिल्यांदा तो घास हातात घेऊन मी उन्हात धरून पाहिला. मला काही दिसले नाही, दिसणारही नाही. तरी तू लिहिलेस म्हणून दुसरा हात खाली धरला. एवढी वस्ती माझ्या मुठीत, आणि मी आयुष्यभर तिच्यावर शेणाचा हात पुसत आलो.

एक प्रश्न. वासरू जन्मते तेव्हा ते फक्त दूध पिते. मग त्याच्या पोटात हे जीव येतात कुठून? उत्तर सवडीने दे.

मी इथेच राहतो आहे. उद्या सकाळी दुसरा थर्मास पाठवतो.

गोपीनाथकाका


ठाकुर्ली,
सोमवार, २२ सप्टेंबर २०२५

ती. काका,

नमस्कार. पत्र भगवानमामांच्या पत्त्यावर, कारण देवेशदादा म्हणतो तुम्ही परत यायचं नाव काढत नाही.

पाहिलेलं. शनिवारी थर्मास बाराला पोचला. झाकण उघडलं, आणि मला आपला गोठा आला. दुसरा शब्द नाही, वास म्हटलं तर कमी होतं. रखमाबाई म्हणाल्या, "ही कुणाची उष्टी म्हणायची?" मी म्हटलं, माझ्या काकांच्या गाईची. "मंग चालंल," म्हणाल्या. एक थेंब मी काचेवर घेतला, बाकीचं गाळून नळीने बकुळीच्या पोटात सोडलं. मग धावत दवाखान्यात जाऊन थेंब पाहिला. काका, धावत होते! तासाभराच्या रस्त्याने, थर्मासातून, देवेशदादाच्या बाइकवरून येऊनही. थोडे मंदावले होते. काच जराशी उबेला धरली आणि पुन्हा सुरू.

काल दुसरा थर्मास. कालच सर्वपित्री होती. रखमाबाई आणि मी आळीपाळीने घमेल्यापाशी उभ्या राहिलो आणि प्रत्येकाला परत पाठवलं. एक आजी चिडल्या, "आमचे पितर उपाशी ठेवता का गं?" मी त्यांना तुम्हाला लिहिलं होतं तेच सांगायला गेले, की घास आधी आतले खातात आणि मग गाय. त्यांनी पूर्ण ऐकलं. मग गवताची एक पेंढी घेतली आणि बकुळीपुढे ठेवून हात जोडले. गाईला की आतल्यांना, ते मी विचारलं नाही. संध्याकाळी मुठीला एक लाट आली. एकच, लहान. माझं मन असेल म्हणून मी रखमाबाईंची मूठ ठेवली. पुढच्या लाटेला त्या ओरडल्या.

आज सकाळी देवळात घट बसत होते, सगळे आत होते. बकुळी उठली. काल ठेवलेल्या पेंढीतल्या काड्या खाल्ल्या. तासाभराने पुन्हा बसली. मग मानेतून गोळा वर जाताना मी पाहिला. उंदीर पळावा तसा. तिचा खालचा जबडा एकदा डावीकडे गेला, थांबला, जणू काही आठवत होती, आणि मग चालू झाला. रखमाबाई काहीतरी म्हणणार होत्या, मी त्यांच्या हातावर हात ठेवला. फुलं घेऊन एक माणूस आला, विचारायला लागला, "गाय बरी झाली का?" तर रखमाबाईंनीच तोंडावर बोट ठेवलं. तिघं उभे राहिलो. मी मोजत होते. चव्वेचाळीस. पुढच्याला एकोणपन्नास.

पाटी बदलली. 'गाईला फक्त गवत द्यावं.' खाली माझं नाव लिहिलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर. वासराच्या पोटात जन्मतः ते नसतात. आई वासराला चाटते, वासरू आईचं तोंड चाटतं, तिच्या बाजूचं गवत ओढतं, आणि तिच्या लाळेतून ते येतात. ते मोठे, केसाळ जीव हवेतून येत नाहीत, पाण्यातून सहसा येत नाहीत, मातीत टिकत नाहीत. एका तोंडातून दुसऱ्या तोंडात, एवढा एकच रस्ता. म्हणजे चांदीला ते तिच्या आईने दिले, तिला तिच्या आईने. जिच्या चावण्यांवर मी पन्नास शिकले तिने. तिच्या मागे धाकूआजोबांच्या गाई, त्यांच्या मागे कुणाच्या. गोठे किती पडले असतील मधे. ही वस्ती कधी रिकामी झाली नाही, कुठे एकदाही तुटली असती तर चांदीपर्यंत आलीच नसती. मी हे कॉलेजात परीक्षेला लिहिलं होतं. दोन ओळी, दोन गुण. तेव्हा मला काहीही झालं नव्हतं.

आता ती वस्ती ठाकुर्लीत आहे. देवळाबाहेर, रखमाबाईंच्या दोरीला.

एक वाक्य राहिलं. सकाळपासून ते कुठे लिहू कळत नव्हतं. डावीकडे लिहावं तर खोटं होईल, कारण समोर बकुळी आहे. उजवीकडे लिहावं तर तेही खोटं, कारण हे मला नुसतं वाटत नाही. मी थेंब पाहिला आहे, मूठ ठेवली आहे, चावण्या मोजल्या आहेत. म्हणून कागद उघडून मधल्या घडीवरच लिहिते, वरून खाली, म्हणजे तुम्हाला मान वाकडी करून वाचावं लागेल:

चांदी रवंथ करत बसली आहे.

तुमची,
क्षिप्रा